दहावी नापास वाइंडरने बेचाळिसाव्या वर्षी काय शिकावं, कसं शिकावं

शिरपूर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे. वय बेचाळीस. दहावीत गणित आणि इंग्रजीत नापास झाले, मग मामांच्या दुकानात बसून मोटारी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून बसवायला शिकले. आज फाट्यावर स्वतःचं वाइंडिंगचं दुकान आहे. आजूबाजूला सौर पंप वाढलेत. शेतकरी येऊन कंट्रोलरबद्दल (पॅनेलची वीज मोटारीला पुरवणाऱ्या डब्याबद्दल) विचारतात आणि यांना “कंपनीचा माणूस बोलवा” एवढंच सांगता येतं. मुलगा डिप्लोमाला आहे. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: “आते या वयमा काय शिकसू? आणि शिकायचंच ठरवलं तर आधी दहावी करू, डिग्रीला नाव घालू, की यूट्यूबवर पाहून भागेल?”

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. निवृत्तीनंतर धुळ्यात रविवारी काम करणाऱ्या कारागिरांचा वर्ग घेतो. वाइंडर, वायरमन, बोअरमधून मोटार ओढणारे, पंपांचे फिटर असे लोक येतात. बहुतेकांची शाळा आठवी ते दहावीच्या मधे कुठेतरी सुटलेली असते. त्यामुळे भाऊ, तुमचा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे आणि त्यावर सविस्तर बोलावं असं मनापासून वाटतं.

तुमच्या एका प्रश्नात तीन गोष्टी गुंतल्या आहेत. धंदा टिकेल का, ही काळजी. दहावी राहून गेल्याची सल. आणि हातात कागद असावा का, हा हिशेब. तिन्हींची उत्तरं वेगळी, तिन्हींना लागणारा वेळ आणि पैसाही वेगळा. माणसं हे सगळं एकत्र करतात, कुठल्यातरी कोर्सला नाव घालतात आणि दोन-तीन महिन्यांत सोडून देतात. कोर्स एका प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि त्यांची झोप दुसऱ्याच प्रश्नाने उडालेली असते. म्हणून आधी हे सुटं करून घेऊ.

वयाचं पहिल्यांदा सांगतो, कारण ते लवकर संपतं. अठरा वर्षांच्या पोराचं सूत्र एका दिवसात पाठ होतं. ते कुठे लागतं हे कळायला मात्र त्याला वर्षं जातात, कारण जळालेली मोटार त्याने उघडून पाहिलेली नसते. तुमचं उलट आहे. पाठांतर हळू होईल, दोनदा विसराल, पण एकदा कळलं की ते तुमच्या ओळखीच्या पन्नास मोटारींना जाऊन चिकटतं. वर्गात मी हे सतत पाहतो. फळ्यावर लिहिलेलं कळत नाही म्हणून गप्प बसलेला माणूस टेबलावर स्टेटर (मोटारीचा तार भरलेला स्थिर भाग) ठेवला की बोलायला लागतो, आणि मग त्याला आवरावं लागत नाही, बाकीच्यांनाच वही काढावी लागते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही शिकायला सुरुवात सौर पंपापासून करू नका. तुमच्या हाताला जे आधीच येतं त्याच्या ‘का’पासून करा.

उदाहरण देतो. मोटार जळून येते. तुम्ही जुनी कॉइल (तारेचं वेटोळं) काढता, टर्न म्हणजे वेढे मोजता, गेज म्हणजे तारेची जाडी पाहता, पिच म्हणजे कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर लिहून घेता आणि तशीच भरून देता. काम चोख होतं, मोटार चालते. पण जुनं वाइंडिंग कापून फेकायच्या आधी त्याकडे पाच मिनिटं नीट पाहिलंत, तर ती मोटार का जळाली ते त्यात बहुतेक वेळा दिसतं. आत स्टार जोडणी (तिन्ही फेजच्या कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) असेल आणि दोन फेजच्या कॉइल काळ्या पडून तिसऱ्या फेजच्या स्वच्छ राहिल्या असतील, तर चालू मोटारीचा एक फेज (तीन तारांपैकी एकीची वीज) गेला होता. डेल्टा जोडणीत (कॉइल टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला) तेच घडलं तर उलटं दिसतं: एकाच फेजच्या कॉइल जळतात आणि दोन फेजच्या बऱ्या राहतात. सगळ्या कॉइल सारख्या करपल्या असतील तर फेज गेलेला नाही. व्होल्टेज कमी होतं, लोड जास्त होता, बेअरिंग धरलं होतं किंवा मोटारीला गार व्हायला पाणी मिळत नव्हतं. आणि एकाच जागी भोक पडल्यासारखा डाग असून बाकी वाइंडिंग नवं दिसत असेल, तर तिथे टर्न आपसात शॉर्ट झाले किंवा स्लॉटच्या (तार बसवायच्या खाचेच्या) तोंडाशी कागद फाटून तार बॉडीला लागली.

यातलं निम्मं तुम्हाला अंदाजाने ठाऊक असेलच. “फेज गेला हुई” असं तुम्ही शेतकऱ्याला सांगतही असाल. पण स्टारमध्ये दोन आणि डेल्टात एक असं का, हे कागदावर तीन रेघा काढून एकदा समजून घ्या. फेज तुटल्यावर करंटला कुठला रस्ता उरतो ते बोटाने गिरवून पाहा. अर्धा तास लागतो. तो अर्धा तास झाला की तुमचं दुकान बदलतं. कारण मग तुम्ही शेतकऱ्याला मोटारीबरोबर कारणही देता. डीपीवरचा डीओ (ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज) उडाला होता, सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र) नव्हता किंवा तो बायपास केलेला होता, लाइट रात्रीची म्हणून ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा स्विच) लावून ठेवला होता आणि दोन फेजवरच मोटारीने जोर मारला. हे सांगितलं नाही तर तीच मोटार पुढच्या उन्हाळ्यात परत येते आणि शेतकरी म्हणतो, “यानी भरलेली टिकत नही.”

काही वाइंडर मला म्हणतात, सर, कारण सांगितलं तर मोटारी जळायच्या थांबतील, मग आम्ही खायचं काय? प्रश्न रास्त आहे. मी पाहिलेलं सांगतो. कारण सांगणाऱ्या वाइंडरकडे त्याच शेतकऱ्याची मोटार कमी वेळा येते, पण त्याच्या भावाची, साडूची आणि शेजारच्या वावराची येते. आपल्याकडे केळीच्या बागेला ऐन मे महिन्यात चार दिवस पाणी मिळालं नाही तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा वेळी शेतकरी मजुरीच्या दोनशे रुपयांपेक्षा भरवसा बघतो.

आता ज्या गणितात तुम्ही नापास झालात त्याकडे येऊ. दहावीच्या गणितातलं पुष्कळसं तुम्हाला आयुष्यात लागलं नाही हे खरं. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या धंद्यात रोज उठून बसते. ती म्हणजे वर्ग, एखाद्या संख्येला त्याच संख्येने गुणणं.

मोटारीला ४१५ व्होल्ट हवेत आणि ओढ्याकाठच्या शेवटच्या बोअरला ३५० मिळतात, असं धरा. पाणी तेवढंच ओढायचं आहे, म्हणून मोटार करंट वाढवते. ४१५ ला ३५० ने भागा, साधारण १.१९ येतं. म्हणजे करंट एकोणीस टक्क्यांच्या आसपास वाढला. वाटतं, एवढ्याने काय होतं? पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १.१९ गुणिले १.१९ केलं की १.४१ येतं. उष्णता दीडपटीच्या जवळ गेली. आणि इन्सुलेशनचा (तारेवरच्या वीजरोधक थराचा) जुना ठोकताळा असा आहे की तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ‘व्होल्टेज कमी म्हणून मोटार जळाली’ हे वाक्य तुम्ही हजारदा बोलला असाल. त्याच्या पोटात हे गणित आहे.

तोच वर्ग सौर पंपातही येतो, आणि तिथे तो कळला नाही तर माणूस चांगली मोटार उगाच बाहेर ओढून बसतो. थ्री फेज मोटारीचा फिरण्याचा वेग काढायचं सूत्र सोपं आहे: १२० ला फ्रिक्वेन्सीने (वीज सेकंदाला जितकी आवर्तनं करते त्या आकड्याने) गुणा आणि पोलच्या, म्हणजे मोटारीतल्या चुंबकीय ध्रुवांच्या संख्येने भागा. ५० हर्ट्झ आणि २ पोल, म्हणून ३०००. नावपाटीवर २८५० किंवा २८८० दिसतं, कारण रोटर (आतला फिरणारा भाग) थोडा मागे राहतो. लाइटवर फ्रिक्वेन्सी ठरलेली असते. सौर कंट्रोलर मात्र उन्हाप्रमाणे ती कमीजास्त करतो. सकाळी किंवा ढग आले की तो ३५ हर्ट्झ देईल. म्हणजे वेग सत्तर टक्के झाला. शेतकरी समजतो, पाणीही सत्तर टक्के यायला हवं. पण पंप पाणी जितकं उंच चढवू शकतो ती उंची वेगाच्या वर्गाने घटते. ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. पूर्ण वेगात जो पंप जास्तीत जास्त ६० मीटरपर्यंत पाणी ढकलू शकत होता, तो आता ३० च्याही आत आला. बोअरमधलं पाणी ४० मीटरवर असेल तर मोटार गरगर फिरते, आवाज येतो, कंट्रोलरवर आकडे दिसतात आणि पाइपातून थेंब येत नाही. शेतकरी तुमच्याकडे येतो, “मोटार फिरस, पानी नही.” ज्याला हा वर्ग ठाऊक आहे तो आधी विचारेल, किती वाजता पाहिलं? दुपारी बारा वाजता येतं का? दुपारी येत असेल तर मोटार काढायचं कारणच नाही.

दहावी सुटल्यापासून तुम्ही ज्याला घाबरलात ते गणित हेच. ते तुम्हाला येणार नाही असं मला अजिबात वाटत नाही. तेव्हा ते मोटारीशिवाय शिकवलं गेलं, एवढंच झालं.

सौर पंपाबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगतो: यातला काही भाग माणसासमोर बसूनच शिका. पॅनेलकडून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. अनेक पॅनेल मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे तिथे शेकडो व्होल्ट असतात, आणि ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाहीत. खालचा स्विच पाडलात तरी वरच्या वायरी जिवंतच. आपल्या लाइटच्या एसीमध्ये (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेत) करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी तुटायला मदत होते. डीसीत ती सोय नाही. जोड सुटला तर ठिणगी पेटतीच राहते, म्हणून एसीचा साधा स्विच तिथे चालत नाही. कंट्रोलरच्या आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेले राहतात. आणि तुमच्या रोजच्या सवयीतली एक गोष्ट बदलावी लागेल: मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारण्यापूर्वी मोटारीची केबल कंट्रोलरपासून पूर्ण सोडवा. मेगरचे ५०० व्होल्ट कंट्रोलरच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेले तर मोटार तपासता तपासता कंट्रोलर जातो. हे सगळं व्हिडिओ पाहून हाताला लागत नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून “थांब, आधी मोज” म्हणावं लागतं.

हे शिकायची घाई आहे का? मला वाटतं, वेळ नेमकी आली आहे. सौर वीज आपल्याकडे काल आली असं नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा) १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ मध्येच सुरू झाला. पण शेतातला सौर पंप मोठ्या संख्येने दिसू लागला तो नंतर. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची, आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही २०२४ ची. योजनेतल्या पंपाची ५ वर्षांची हमी आणि देखभाल पुरवठादाराकडे असते. त्या काळात तुम्ही कंट्रोलर उघडूच नका, शेतकऱ्याची हमी जाईल. तेव्हा शेतकऱ्याला तक्रार नोंदवायला मदत करा, दोष काय आहे ते ओळखून सांगा. मात्र सुरुवातीच्या पंपांची हमी संपते आहे किंवा संपली आहे. यापुढे ते शेतकरी जवळच्या फाट्यावरच्या दुकानातच येणार. आणि कंट्रोलर कितीही नवा असला तरी बोअरमध्ये खाली सोडलेली बरीचशी मोटार ही तुमच्या ओळखीचीच थ्री फेज मोटार आहे. ती जळेल तेव्हा भरायला माणूस लागेलच. कुठल्या पंपात कुठली मोटार आहे हे नावपाटी वाचून ओळखायला शिका, कारण काही पंपांत वेगळ्या जातीची, कायम चुंबकाची मोटार असते आणि तिला जुना हिशेब लागू पडत नाही.

आता कागदाचा प्रश्न. इथे उत्तर तुमच्या परिस्थितीवर आहे, म्हणून मी एकच एक सल्ला देणार नाही.

तुम्हाला फक्त स्वतःचं दुकान चालवायचं असेल, तर दहावीच्या कागदाविना गेली कित्येक वर्षं चालवत आहातच. कागदामुळे गिऱ्हाईक वाढणार नाही. पण एखाद्या पुरवठादाराचं अधिकृत देखभालीचं काम घ्यायचं असेल, तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना काढायचा असेल, सूर्यमित्रसारख्या सौर प्रशिक्षणाला जायचं असेल, तर दारातच शिक्षणाची अट विचारतात. सूर्यमित्रला दहावीबरोबर आयटीआय किंवा त्यासारखं काहीतरी लागतं. अशा वेळी दहावी ही पहिली पायरी ठरते आणि ती टाळून पुढे जाता येत नाही.

दहावीसाठी दोन रस्ते आहेत. एक राज्य मंडळाचा. शाळा सुटलेल्यांसाठी बाहेरून परीक्षा द्यायचा १७ नंबरचा फॉर्म असतो, पण तुम्ही एकदा परीक्षेला बसलेले असल्याने तुमचा अर्ज कुठल्या प्रकारात जाईल हे जवळच्या हायस्कुलात जुनी गुणपत्रिका दाखवून विचारा. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, ज्याला सगळे एनआयओएस म्हणतात. तिथे एकदा नोंदणी केली की ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि एक-एक दोन-दोन विषय सोडवत जाता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. तुमच्यासाठी हे फार सोयीचं आहे. राज्य मंडळाची मुख्य परीक्षा मार्चच्या आसपास येते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा तुमच्या दुकानात मोटारींची रांग लागलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा पावसाळ्यातल्या रिकाम्या वेळात अभ्यास करून देता येते.

एक सावधगिरी. एनआयओएसमध्ये गणित न घेताही दहावी होता येतं, आणि “गणित टाळा, लवकर सुटाल” असं सांगणारे भेटतील. आयटीआयच्या वीजतंत्री व्यवसायाला दहावी गणित-विज्ञानासह लागते. पुढे तिकडे जायचा विचार असेल तर गणित टाळू नका. आणि पैसे घेऊन ‘हमखास पास’ करून देणाऱ्यांच्या दारात पाऊल टाकू नका. तो कागद पुढे कुठे अडकेल याचा नेम नसतो, आणि मेहनतीने मिळवलेल्या तुमच्या नावाला तो डाग लागतो.

अनुभवी कारागिराला त्याच्या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायचीही सोय आहे. सरकारच्या कौशल्य योजनेत ‘आरपीएल’ म्हणून ओळखला जाणारा भाग यासाठीच आहे. त्यात आधीपासून येणारं कौशल्य तपासतात. आयटीआयची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देता येईल का, हेही जवळच्या आयटीआयत जाऊन निदेशकांना विचारा. अटी बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नका. आणि आत जायला लाजू नका. आयटीआयच्या कार्यशाळेत तुमच्यासारखा माणूस आला की निदेशकाला आनंदच होतो, हे मी स्वतःच्या नोकरीवरून सांगतो.

डिग्रीबद्दल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसांसाठीच ते उभं राहिलं. खान्देशात त्याची अभ्यासकेंद्रं आहेत. तुमच्या धंद्याला बी.ए.ची गरज नाही हे मी स्पष्ट सांगतो. पण ‘मला पदवीधर व्हायचं आहे’ ही इच्छा मनात असेल तर तिला धंद्याचं कारण चिकटवू नका. ती इच्छा स्वतःच पुरेशी आहे. आमच्या वर्गातले एक फिटर बोअर का आटतात हे समजून घ्यायला म्हणून भूगोलाची पुस्तकं वाचू लागले. आज त्यांना तापीच्या गाळाच्या पट्ट्यात पाणी कसं साठतं आणि साक्रीकडच्या काळ्या खडकात ते भेगांमध्येच का सापडतं, हे मला सांगता येतं. त्यांना त्यातून एक पैसा मिळालेला नाही. पण त्यांच्याशी बोलताना त्यांचा चेहरा पाहावा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात दुपारी कोणी नसतं. तिथली पुस्तकं तुमच्यासाठीच आणलेली आहेत.

यूट्यूबचं थोडक्यात. हात कसे चालवायचे हे पाहायला ते चांगलं आहे. कॉइल कशी बसवली, सील कसं काढलं, हे दहा पानं वाचून कळत नाही आणि एका व्हिडिओत कळतं. आकडे मात्र त्यातून उचलू नका. व्हिडिओतली मोटार तुमची नसते. आकडा नावपाटीवरचा घ्या किंवा स्वतः मोजलेला. आणि व्हिडिओ संपल्यावर जे पाहिलं ते कोणालातरी सांगता येतं का ते तपासा. सांगता आलं नाही तर ते अजून तुमचं झालेलं नाही.

इंग्रजीची भीतीही अशीच सुटते. पूर्ण भाषा शिकायला बसू नका. कंट्रोलरच्या पडद्यावर जे शब्द आणि कोड दिसतात तेवढेच वहीत उतरवा. ओव्हर करंट, अंडर व्होल्टेज, ड्राय रन, अर्थ फॉल्ट, फेज लॉस. प्रत्येकापुढे मराठीत लिहा: हे केव्हा दिसलं, खरं कारण काय निघालं, काय केल्यावर सुटलं. अहिराणीत लिहिलंत तरी चालेल. एका हंगामात ती वही कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा तुमच्या उपयोगाची होईल, कारण त्यात आपल्याकडचं व्होल्टेज, आपल्याकडचं पाणी आणि आपल्याकडचे दोष असतील.

वेळ कुठून काढायचा? तुमचं वर्ष बघा. रब्बीपासून जूनपर्यंत तुम्हाला जेवायला फुरसत नसते. पाऊस लागला की पंप बंद आणि दुकानही शांत. मग शिकण्याचं वर्ष जून ते सप्टेंबर धरा. उन्हाळ्यात नवं काही सुरू करू नका, फक्त वही भरा.

त्या चार महिन्यांत आठवड्याचा एक वार ठरवून टाका. रोज अर्धा तास ही प्रतिज्ञा दुकानदाराची टिकत नाही, असं माझं निरीक्षण आहे. गिऱ्हाईक आलं की तो अर्धा तास जातो, दोन दिवस गेले की माणूस खचतो. ठरलेला वार टिकतो. आपल्या धुळ्यातलंच उदाहरण आहे. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. २१ फेब्रुवारीला पहिला, १९ जूनला अठरावा, मधला एकही रविवार रिकामा नाही. पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेले साने गुरुजी समोर बसून ते सगळं लिहून घेत होते. ऐकणारी माणसं मोठ्या वयाची, कोणी कमी शिकलेली, कोणी जास्त, आणि परीक्षा कसलीच नाही. वार ठरलेला, विषय ठरलेला, सोबत माणसं आणि कोणाच्यातरी हातात लेखणी, एवढ्यावर ते शेवटपर्यंत गेलं. आमचा रविवारचा वर्गही याच चार गोष्टींवर चालतो. त्यातली एक जरी निसटली की गळती लागते.

सोबतीसाठी लांब जायला नको. तुमचा मुलगा डिप्लोमाला आहे. तो सूत्रं शिकतो आहे आणि जळालेलं वाइंडिंग त्याने बहुधा हातात घेतलेलं नाही. रविवारी सकाळी दुकानात एक स्टेटर मध्ये ठेवून दोघं बसा. तो फळ्यावरचं सांगेल, तुम्ही तांब्यावरचं दाखवा. मुलाकडून शिकताना बापाला संकोच वाटतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. पहिल्या दोन बैठकांना अवघड जाईल. पण बाप प्रश्न विचारतो आहे हे पाहिल्यावर मुलाचाही अभ्यास खरा होऊ लागतो, कारण आता त्याला उत्तर कळूनच द्यावं लागतं.

आणि एक विनंती. बऱ्याच वाइंडरच्या घरी कॉइल गुंडाळायचं, स्लॉटचे कागद कापायचं काम घरातली बाई करते. टर्न तिच्याही बोटांना पाठ असतात, पण मोटारीबद्दल तिला कोणी काही सांगत नाही. तुमच्याकडे तसं असेल तर त्या रविवारी वहिनींनाही बसवा. तुम्ही बोअरवर गेलेले असताना दुकानात आलेल्या शेतकऱ्याला “दुपारी बारा वाजता पाणी येतं का?” हा प्रश्न त्यांना विचारता आला, तर तुमची एक खेप वाचेल आणि त्यांचं काम नुसती मदत राहणार नाही.

तर क्रम असा लावा. आत्ता मोटारी येतात त्यांची कारणं वहीत उतरवायला लागा. पाऊस लागला की रविवार धरून संख्येचा वर्ग, फ्रिक्वेन्सी आणि स्टार-डेल्टा एवढंच करा. त्याच काळात एकदा आयटीआयत आणि एकदा हायस्कुलात जाऊन कागदाची चौकशी करा, म्हणजे दहावीला बसायचं की नाही हे माहितीवर ठरेल. डीसीचं काम कोणाच्या देखरेखीखाली शिकता येईल हेही तिथेच विचारून ठेवा. तोवर पॅनेलच्या बाजूच्या वायरीला हात लावू नका.

वहीचं पहिलं पान कसं असावं तेही सांगतो. तारीख, मोटार किती एचपीची, जोडणी कुठली, कुठल्या कॉइल काळ्या आणि कुठल्या स्वच्छ, शेतकऱ्याने काय सांगितलं, तुम्हाला काय वाटतं. शेवटी एक रिकामी ओळ सोडा, महिन्याने शेतकऱ्याला विचारून ती भरायची: कारण खरं निघालं का. अशा दहा-बारा मोटारी झाल्या की रविवारी धुळ्याला या, येताना वही आणा. कंट्रोलरबद्दल विचारायचं असेल तर नुसत्या कोडचा फोटो पुरत नाही; मोटारीच्या आणि कंट्रोलरच्या दोन्ही नावपाट्यांचा फोटो घ्या आणि तो किती वाजता काढला ते लिहून ठेवा.